बारदान वजा

आटगाव स्टेशनातून बाहेर पडून मालधक्क्याच्या कडेने सरळ चालत आलात, की भगीरथशेठची भातगिरणी लागते. तिच्या पडवीत माझ्यावर बूड टेकवून चहा पिणारी दोन-चार माणसं तुम्हाला हमखास दिसतील. त्यांना आधी उठवा. मित्रांनो, मी बाकडं नाही. मी एक जुना वजनकाटा आहे. खाली लोखंडी पाट, मागे खांब, वर पितळी दांडी आणि दांडीवर सरकणारं वजन, असा माझा सगळा पसारा. गंज थोडा लागला आहे, पण डोकं अजून ठिकाणावर आहे, आणि आज मला तुम्हाला रुपाची गोष्ट सांगायची आहे. रुपा म्हणजे वैशाखऱ्याच्या वरच्या पाड्यावरची मुलगी, सगळ्यात हलक्या वजनाच्या गटात खेळणारी मुष्टियोद्धा. तिची सगळी कारकीर्द माझ्या पाटावरून गेली, म्हणून तिची गोष्ट सांगायची तर मला माझीही सांगावी लागते.

माझा जन्म एका ओतशाळेत झाला. त्या दिवसांचं फारसं आठवत नाही. धग होती, ठोकाठोक होती आणि मला पुन्हापुन्हा तपासणारा एक चष्मेवाला माणूस होता, एवढंच. मग कसाऱ्याचा घाट उतरणारा ट्रक आणि मग ही पडवी. भगीरथशेठ तेव्हा तरणेबांड होते. गिरणीचा पट्टा चालू असतानाही त्यांचा आवाज रस्त्यावर ऐकू जायचा. त्यांनी मला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला आणि विचारलं, पहिलं वजन कुणाचं करायचं? हमाल कोंडू म्हणाला, "भाताचंच करा शेठ. माणसाचं काय, आज जाडा, उद्या बारीक." तेव्हापासून मी भात मोजायला लागलो.

काय ते दिवस होते! खळी उरकली की बैलगाड्यांची रांग पार रस्त्यापर्यंत लागायची. झिणी-कोलम भाताचा वास, हवेत उडणारा तूस, आणि त्या गडबडीत कुणीतरी आपलं शेंबडं पोर माझ्यावर उभं करून त्याचं वजन बघून घ्यायचं. नवीन लग्न झालेल्या सुनेला सासू हळूच उभी करायची. शेठ कुणाला नाही म्हणत नसत. मी मोजायचो ते सगळ्यांना मान्य असायचं, आणि खरं सांगतो, मला त्याचा थोडा माज होता.

एका गोष्टीवरून मात्र रोज भांडणं होत. पोतं माझ्यावर चढलं की भाताबरोबर रिकाम्या पोत्याचंही वजन यायचं. त्या रिकाम्या पोत्याला गिरणीत बारदान म्हणतात. शेठ म्हणायचे, बारदानाचा एक किलो वजा करा. शेतकरी म्हणायचे, आमचं पोतं जुनं, विरलेलं, त्यात कुठला आलाय किलो. एकदा तर दोन म्हातारे यावरून एकमेकांच्या टोप्या धरून बसले. शेवटी शेठनी सगळ्यांच्या देखत मिस्त्री बोलावला आणि माझ्या दांडीला खालच्या अंगाने शिशाचा एक गोळा बसवून घेतला. त्या गोळ्यामुळे मी जो आकडा सांगायचो, त्यातून बारदानाचा एक किलो आधीच वजा झालेला असायचा. कटकट मिटली. हळूहळू तो गोळा सगळ्यांच्या इतका अंगवळणी पडला, की त्याच्याबद्दल कुणी बोलेनासंच झालं. आपल्या घराचा उंबरा उंच आहे हे घरातल्या माणसाला कुठं आठवतं? पाय आपोआप उचलला जातो.

पुढे शेठचा मुलगा संदेश शिकून आला आणि त्याने विजेवर चालणारा काटा आणला. लाल आकड्यांचा. मला पडवीच्या कोपऱ्यात सरकवलं. माझ्या दांडीवर कुणी गमछे वाळत घालायला लागलं, पाटावर कोंबड्या बसायला लागल्या. त्या नव्या काट्याबद्दल मी वाईट बोलणार नाही. लाइट गेली की तो आंधळा होतो, एवढं फक्त तुम्हाला ठाऊक असू द्या.

अशा पडत्या काळात रुपा माझ्याकडे आली. जवळच्या आश्रमशाळेचं भात गिरणीत आलं होतं आणि ट्रॅक्टरबरोबर काही मुलं-मुली मदतीला आली होती. एक टग्या पोरगा एका किडकिडीत मुलीची वेणी सारखी ओढत होता. तिने त्याला दोनदा सांगून बघितलं. तिसऱ्यांदा तिचा डावा हात कधी गेला ते मलाही दिसलं नाही. पोरगा पोत्यांवर बसलेला होता आणि आपण इथे कसे बसलो याचा विचार करत होता.

आपलं पोतं घ्यायला आलेले साईनाथसर हे सगळं बघत होते. सर कसाऱ्याचे, रेल्वेत नोकरीला, आणि तरुणपणी रेल्वेकडून मुष्टियुद्ध खेळलेले. ते रागावले नाहीत. त्यांनी विचारलं, "डावरी आहेस?"

"हां," रुपा म्हणाली. तिला वाटलं आता छडी बसणार.

"ये इकडे. ह्या काट्यावर उभी राहा बघू."

कोंबडी उडवून रुपा माझ्यावर उभी राहिली. अनवाणी, पायाला चिखल, अंगठ्याचं नख तुटलेलं. तिचं वजन ते काय! एक चांगलं भरलेलं पोतं उचलताना माझा पाट कुरकुरायचा, आणि ही उभी राहिली तर मला समजलंसुद्धा नाही. सरांनी आकडा बघितला आणि स्वतःशीच हसले. हलक्या वजनाचे आणि जड हाताचे खेळाडू त्यांना आयुष्यभर सापडत नव्हते.

मग गिरणीच्या मागचं रिकामं गोदाम शेठनी सरांना दिलं. कोंडूने पोत्यांत तूस आणि वाळू भरून ती वाशाला टांगून दिली. संध्याकाळी सर ड्युटी संपवून गाडीने कसाऱ्याहून यायचे आणि गोदामातून धपाधप आवाज सुरू व्हायचा. सरावाआधी आणि सरावानंतर रुपा माझ्यावर येऊन उभी राहायची. ज्या पाटावर कोंबड्या बसत होत्या त्याला पुन्हा झाडून पुसून ठेवलं जाऊ लागलं. मी पुन्हा कामाचा झालो, मित्रांनो. म्हाताऱ्या माणसाला याहून जास्त काय हवं असतं?

शाळा सुटली तशी रुपा आटगावच्याच एका गोदामात पॅकिंगच्या कामाला लागली आणि इथेच खोली घेऊन राहिली. जिल्ह्याची पदकं झाली, राज्याची झाली. मग ती प्रो झाली. प्रो म्हणजे काय ते मी तिच्याच बोलण्यातून शिकलो: डोक्याला टोप नाही, हातमोजे लहान, फेऱ्या जास्त आणि लढतीच्या आदल्या दिवशी सगळ्यांसमोर वजन. तिचा गट सगळ्यात खालचा, सत्तेचाळीस किलो सहाशे ग्रॅमच्या आतला. त्या आकड्याच्या वर गेलं की खेळ खलास.

त्या आकड्यासाठी ती काय काय करायची! मीठ बंद, पाणी घोटघोट, बर्फाचा खडा चघळून थुंकायचं. कोंडू तिला चिडवायचा, "आमी जन्मभर पोट भराया वजनं उचलली, आन् ही पोरगी वजन उतरवाया पोट रिकामं ठेवते." ती म्हणायची, "कोंडूदादा, बोलू नको रे, हसलं की भूक लागते."

सुरुवातीच्या लढती लहान होत्या. दोन्ही बाजू आपसात ठरवून किलो-दीड किलोची सूट द्यायच्या. तिकडच्या काट्यावर रुपा नेहमी थोडी जास्त भरायची. गिरणीतल्या विजेच्या काट्यावरही सर तिला चढू देत नसत; हात झटकून म्हणायचे, "शहरातले काटे सगळे खोटे. आपला जुना लोखंडी काटा खरा." हे ऐकून माझी दांडी ताठ व्हायची. पण खरं काय ते मला ठाऊक होतं. ही मुलगी पोत्यात बसून येत नाही, तिला बारदान नाही, आणि मी मात्र तिच्यातूनही एक किलो वजा करतो आहे. शेठना गोळा ठाऊक होता. कोंडूला ठाऊक होता. गिरणीवर येणाऱ्या प्रत्येक म्हाताऱ्याला ठाऊक होता. फक्त तो गोळा आणि ही मुलगी या दोन गोष्टी कुणाच्या डोक्यात एकत्र आल्या नाहीत. आणि कसाऱ्याच्या साईनाथसरांना गोळ्याचा पत्ताच नव्हता. मला दांडी आहे, तोंड नाही.

रुपा एकामागून एक लढती जिंकत गेली आणि एक दिवस तिला विजेतेपदाच्या पट्ट्याची लढत मिळाली. तिच्या गटातली देशातली सगळ्यात मोठी लढत, ठाण्याला, दसरा झाल्यावर लगेच. संदेशने पडवीत पेढे वाटले. सर मात्र धास्तावलेले. त्यांनी तिला सांगितलं, लढत होईपर्यंत घरी जायचं नाही, सणवार काही नाही.

नेमके ते दिवस नव्याचे. नवं म्हणजे शेतातल्या पहिल्या भाताचा मान. वरच्या पाड्यांवर पहिला भात कापला की तो कांडून शिजवतात, कणसरीला, म्हणजे धान्याच्या देवीला, दाखवतात आणि मग घरातलं प्रत्येक माणूस त्यातला घास खातं. एखादं माणूस लांब असेल तर त्याचा घास राखून ठेवतात. त्याने तो खाल्ल्याशिवाय नवं पुरं होत नाही.

रुपा गेली नाही, म्हणून तिची आई रखमी आली. मुरबाडची एसटी, मग शहापूर, मग जीप, असं करत पळसाच्या पानात बांधलेला भात घेऊन ती बाई भर दुपारी पडवीत उतरली. रुपा नुकती पळण्याचा सराव करून आली होती आणि माझ्या शेजारी भिंतीला टेकून बसली होती.

"आये, मला खायाचं नाय. उद्या वजन हाय."

"एकच घास गो बाय. कणसरीचा हाय. नाय म्हणू नको."

रखमीने पान उघडलं. वाफ केव्हाच गेली होती, पण त्या भाताचा वास माझ्यासारख्या लोखंडालाही आला. रुपाने इकडेतिकडे बघितलं आणि तोंड उघडलं. रखमीने एक घास भरवला, तोही लहानच, आणि उरलेलं पान पुन्हा बांधलं. रुपा तोंड पुसून माझ्यावर उभी राहिली. आकडा बरोबर सत्तेचाळीस सहाशे. दोघी मायलेकी हसल्या आणि मला त्यांच्याकडे बघवेना.

दुसऱ्या दिवशी ठाण्याला काय झालं असेल ते तुम्हाला सांगायला नको. तिथल्या काट्यावर रुपा एक किलोने जास्त भरली. वजन उतरवायला दिलेल्या वेळात ती जिने चढली, उतरली, थुंकली, घाम गाळून तिने अर्धा किलो खाली आणला. उरलेला अर्धा हलला नाही. पट्ट्याची लढत राखीव मुलीला मिळाली. सगळे पडवीत परत आले तेव्हा रखमी अजून इथेच होती. मुलगी पट्टा घेऊन येणार म्हणून ती मुक्कामाला थांबली होती.

सरांनी रुपाला विचारलं, "काय खाल्लंस?"

रखमीच पुढे झाली. "मी दिलं सर. नवं दिलं. घासभर."

"घासभर भाताने किलो वाढतो? ताटभर वाढला असशील तू, बाई. एवढ्या वर्षांची मेहनत पानात बांधून वाया घालवलीस."

रुपाला माहीत होतं, तो एकच घास होता. तिच्याच तोंडात गेला होता. पण राग आला की तो कुठेतरी ठेवायला जागा लागते, आणि आई सगळ्यात जवळ उभी असते. ती म्हणाली, "आये, तुझ्या घासापायी माझा पट्टा गेला."

रखमीने पिशवी उचलली आणि जीप पकडायला निघून गेली. मित्रांनो, मी शंभर-शंभर किलोची पोती झेलली आहेत. त्या दिवशी माझ्यावर कुणीही उभं नव्हतं, तरी माझा पाट दबला.

त्यानंतर सरांनी ठरवलं, खालचं वजन हिला झेपत नाही. रुपा वरच्या गटात खेळू लागली. तिथल्या मुली उंच, हात लांब. काही लढती ती जिंकली, काही हरली. एकदा नाक मोडून आली, एकदा भुवईवर टाके घेऊन आली. संदेश मोबाइलवर तिच्या लढती लावायचा आणि शेठ, कोंडू आणि मी बघायचो. तिचा डावा हात अजून तसाच होता, पण समोरच्या मुलीच्या हनुवटीपर्यंत पोचायला त्याला रोज थोडं जास्त लांब जावं लागत होतं. आणि ती घरी जात नव्हती. नव्याला नाही, दिवाळीला नाही, होळीला नाही.

एकदा तिचा भाऊ जगन तांदूळ पोचवायला आला. तो पोतं उतरवून माझ्या पाटावर बसला आणि म्हणाला, "ताय, एक सांगू? आये नवं शिजवते, देवाला ठेवते, आमाला वाढते. आन् आपण नाय खात. म्हणते, माझ्या हातानं पोरीचा घात केला, आता ह्या हाताचं मला नको." रुपाने ऐकलं, आत गेली आणि टांगलेल्या पोत्याला इतके ठोसे मारले की शिवण उसवून तूस बाहेर आला. पण घरी ती तरीही गेली नाही. आता कुठल्या तोंडाने जायचं, असं झालं होतं तिला.

अशी दोन वर्षं गेली आणि पट्ट्याची लढत पुन्हा चालून आली. जी मुलगी विजेती होती तिला खालच्या गटात तोलाची प्रतिस्पर्धी मिळत नव्हती आणि कुणालातरी आमच्या डावरीची आठवण झाली. सर म्हणाले, "नको. तुझ्याने ते वजन होत नाही. पुन्हा हसं होईल." रुपा म्हणाली, "सर, ह्याच्यानंतर मला कोण नाय बोलवणार. वय बघा माझं." तिचं म्हणणं खरं होतं.

पुन्हा मीठ बंद झालं, पुन्हा बर्फ आला. पण अंग आता पहिल्यासारखं ऐकत नव्हतं. घाम निघावा म्हणून कोंडूने रिकामी बारदानं सुतळीने शिवून तिच्यासाठी एक झगा केला. भर ऑक्टोबरच्या उन्हात ती तो झगा घालून गिरणीला फेऱ्या मारायची. येणारे-जाणारे हसायचे, भाताचं पोतं पळतंय म्हणायचे. एका दुपारी ती पळून आली ती इतकी दमून, की गाठी सोडायलाही तिच्या हातात जोर नव्हता. झग्यासकट ती माझ्यावर येऊन उभी राहिली.

"अगं ते बारदान काढ आधी," सर म्हणाले. "त्याचं वजन येईल ना."

भगीरथशेठ पडवीतल्या खुर्चीत पेपर वाचत बसले होते. आता थकले होते बिचारे, मान वर न करताच म्हणाले, "राहू द्या हो. बारदान वजाच होतंय त्याच्यात."

"काय वजा होतंय?"

"बारदान. शिशाचा गोळा हाय ना दांडीखाली. किलोभर वजा होऊनच आकडा येतो. ठाव हाय सगळ्यांना."

गिरणी त्या वेळी बंद होती. कोंडू पोतं शिवत होता, त्याचा दाभण हातात तसाच राहिला. सर पुढे झाले, त्यांनी दांडीखाली हात घालून चाचपलं आणि त्यांना तो गोळा लागला. ते वळले तेव्हा त्यांचा चेहरा मला ओळखू येईना.

"शेठ," ते हळू आवाजात म्हणाले, "आणि पोरगी बारदानाशिवाय उभी राहिली तर?"

"पोरगी कशाला बारदानात..." शेठ म्हणाले आणि तिथेच थांबले. पेपर त्यांच्या मांडीवरून खाली सरकला. "आयला," ते म्हणाले. "रोज बघतोय मी. इतकी वर्षं रोज बघतोय. डोक्यात आलंच नाय रे."

कोंडू कपाळाला हात लावून बसला. त्याच्याही डोक्यात आलं नव्हतं. सर भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. रखमीला ते काय बोलले होते ते त्यांना अक्षरन् अक्षर आठवत असणार. आणि रुपा त्या बारदानाच्या झग्यासकट माझ्या पाटावर बसली, गुडघ्यात डोकं घालून. मला वाटलं ती आता मला लाथ घालेल. तिने घातली असती तरी मी काही म्हटलं नसतं. पण ती रडत होती.

"सर," ती म्हणाली, "माझ्या आयेनं एकच घास दिला होता हो."

रखमीला फोनवर काही सांगायची सोय नव्हती, तिला फोनवर नीट ऐकूच येत नसे. जगन दुसऱ्या दिवशी तिला घेऊन आला. ती पडवीच्या पायरीवरच थांबली. सर पुढे गेले आणि हात जोडून म्हणाले, "रखमीबाई, माझं चुकलं. तुमच्या भाताने काही झालं नव्हतं. काटा एक किलो कमी दाखवत होता." सगळं दोनदा समजावून सांगावं लागलं. रखमी माझ्याकडे बघत राहिली, वर दांडीकडे, खाली पाटाकडे.

"म्हंजे माझ्या घासानं नाय?"

"नाय गो आये," रुपा म्हणाली. "काट्याची चूक होती."

"मग तू घरी का नाय आलीस?"

रुपाने मान खाली घातली. "सांगितलं ना, काट्यानं..."

"काट्याला मी कुठं काय म्हणते," रखमी म्हणाली. "मी तुला विचारते. पट्टा गेला तं गेला, बाय. त्यो येईल, नायतर नाय येईल. दोन वरसं मी तुझा घास काढून ठेवते आन् दुसऱ्या दिवशी कोंबड्यांना घालते. दर टायमाला वाटायचं, एसटीतून उतरशील."

रुपा आईच्या मांडीवर डोकं ठेवून आडवी झाली आणि रखमीने तिच्या केसांत बोटं घातली. मग रखमी म्हणाली, "आज मी काय आणलं नाय. तुझं वजन होऊ दे. जिथं वजन करतात तिथं मी येते."

कोंडूने त्याच दिवशी गोळा काढला. माझी दांडी एकदम हलकी झाली आणि खरा आकडा दिसायला लागला. जो किलो रुपाला कधीच उतरवावा लागला नव्हता, तो आता उतरवायचा होता, आणि तो शेवटचा किलो सगळ्यात चिवट. त्याच्यापायी ती एकदा माझ्यावरच चक्कर येऊन पडली. सर म्हणाले, "सोडू या, बाळा." ती म्हणाली, "खरा आकडा आत्ता कुठं कळलाय सर. आता कशाला सोडू?" निघायच्या दिवशी सकाळी ती माझ्यावर उभी राहिली. गालफडं आत गेलेली, ओठ फाटलेले. दांडी थरथरली आणि सरळ झाली. या वेळी मी तिला खरं तेच सांगत होतो.

ठाण्याचं वजन आम्ही संदेशच्या मोबाइलवर बघितलं. मोबाइल माझ्या खांबाला टेकवून ठेवला होता. मोठं सभागृह, झगझगीत दिवे, मागे कापडी फलक. रुपा काट्यावर चढली. माणसाने आकडा पुकारला, सत्तेचाळीस पाचशे, आणि आमच्या पडवीत शेठ लहान मुलासारखे रडले. मग दोघींना समोरासमोर उभं राहून मुठी वर करायला सांगितलं, फोटोसाठी. दोघींनी मुठी वर केल्या. रुपा बाजूला बघत होती. गर्दीतून, लोकांना कोपराने सारत, एक नऊवारीतली बाई पुढे येत होती. कुणीतरी तिला अडवलं, तर तिने त्याचा हात खाली केला. हातात पळसाचं पान होतं. रुपाने मूठ खाली घेतली, वाकली आणि तोंड उघडलं.

तो फोटो पेपरात आला. एकीची मूठ वर, आणि दुसरीचा गाल भरलेला, तोंडात न मावणारा घास, हनुवटीवर शीत. खाली रखमीचा हात तेवढा दिसतो, मनगटापर्यंत. तिने पानात उरलेला भात मग तिथेच भिंतीला टेकून स्वतः खाल्ला, असं सर सांगतात. ते फोटोत नाही.

दुसऱ्या दिवशी रुपा आठ फेऱ्या लढली आणि थोडक्यात का होईना, जिंकली. पट्टा वर्षभर वरच्या पाड्यावर रखमीच्या घरात होता. मग एका तरण्या मुलीने तो तिच्याकडून नेला, रीतसर, रिंगणात. पट्ट्यांचं तसंच असतं. आणखी दोन-तीन लढती खेळून रुपाने हातमोजे उतरवले. आता ती आमच्या गोदामात पोरांना शिकवते आणि नव्याला न चुकता एसटी पकडते.

मित्रांनो, जुन्या वस्तू शेवटी काहीतरी मागतात. मला पुसा, तेल द्या, असं मीही मागेन, आणि माझ्यावर बसून चहा पिऊ नका हे तर सांगितलंच आहे. पण माझं खरं मागणं दुसरंच आहे. आकडा चुकला, डाव फसला, काही हातचं गेलं, की आपण आधी जवळच्या माणसाचा हात धरतो आणि म्हणतो, तुझ्यामुळे झालं. तसं म्हणायच्या आधी काटा नीट तपासत जा. लोखंड पुन्हा बरोबर करता येतं. मला कोंडूने एका दुपारीत बरोबर केलं. रखमीने कोंबड्यांना घातलेले ते घास मात्र गेले ते गेलेच. रुपाने पुढे कितीही जेवण केलं तरी ते भरून आलेले नाहीत, हे ती मला पुसताना स्वतःच म्हणते.

आता तुम्हीही येता माझ्यावर उभे राहायला, अनवाणी, एकमेकांना ढकलत, माझा आकडा किती आणि तुझा किती. या, जरूर या, मला बरं वाटतं. पण फार वेळ थांबू नका. चला, उतरा आता. घरी कुणीतरी ताट वाढून तुमची वाट बघत बसलंय.